हिशेबाची नवी वही : शाश्वत विकास सल्लागाराचा पेशा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे गाव आज तालुक्याचेही ठिकाण नाही. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत ‘तगर’ या नावाने त्याची नोंद आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगरातून साधे कापड, तलम मलमल आणि रंगीत वस्त्रे गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदराकडे जात, असे त्या ग्रंथातून कळते. म्हणजे धाराशिव जिल्ह्याचे कापड दोन हजार वर्षांपूर्वीच परदेशी ग्राहकापर्यंत पोहोचले होते. हा व्यापार टिकण्यात मापावरील विश्वासाचाही वाटा असावा.

कापडाच्या पेढीवर नवशिक्या मुलाला पहिली शिकवण मिळते ती मापाचीच. गज धरताना कापड ताणायचे नाही. ताणून मोजलेले कापड ग्राहकाच्या डोळ्यांदेखत पूर्ण भरते. पण पहिल्याच धुण्यात ते आटते आणि त्याबरोबर पेढीची पतही आटते. आजच्या व्याख्यानाचा विषय नव्या काळातील एक पेशा हा असला, तरी त्याचे सगळे सार या जुन्या शिकवणीत आहे. हा पेशा म्हणजे शाश्वत विकासाच्या सल्लागाराचा, ज्याला मोठ्या शहरांतील कंपन्यांत ‘सस्टेनेबिलिटी कन्सल्टंट’ म्हणून ओळखतात.

डॉक्टर, इंजिनिअर, सी.ए., वकील हे पेशे प्रत्येक घराला ठाऊक आहेत. शाश्वत विकासाचा सल्लागार नेमके काय करतो, हे मात्र पालकांना सांगता येत नाही आणि पुष्कळदा त्या मार्गाला लागलेल्या मुलांनाही घरच्यांना समजावून देता येत नाही. म्हणून प्रथम त्याची ओळख करून घेणे योग्य ठरेल.

ताळेबंदात नसलेला रकाना

कोणत्याही उद्योगाचा ताळेबंद उघडला, तर त्यात कच्चा माल, मजुरी, व्याज, घसारा आणि नफा या सर्वांचा हिशेब सापडतो. परंतु कारखान्याने बोअरमधून उपसलेले पाणी, धुराड्यातून सोडलेला धूर, ओढ्यात सोडलेले रंगीत पाणी आणि कामगाराच्या फुप्फुसात साचलेली कापसाची धूळ यांच्यासाठी त्या वहीत रकाना नसतो. खर्च झालेला असतो. फक्त तो कारखान्याच्या नावे न पडता खालच्या गावच्या विहिरीच्या, शेजारच्या शेतकऱ्याच्या आणि पुढील पिढीच्या नावे पडलेला असतो. हा बिनहिशेबी खर्च मोजणे, तो योग्य खात्यावर आणणे आणि तो कमी कसा करता येईल हे मालकाला दाखवून देणे, हे शाश्वत विकास सल्लागाराचे काम आहे.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे आणि तिच्यामुळे ‘सीएसआर’ हा शब्द खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत पोहोचला आहे. परंतु सीएसआर म्हणजे मिळालेला नफा कसा खर्च केला याचा हिशेब. शाश्वततेचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे : तो नफा मिळवला कसा? दान किती दिले ही एक गोष्ट. दान दिलेले धन कोणाच्या पाण्यावर आणि कोणाच्या घामावर उभे राहिले ही दुसरी. सल्लागाराचा संबंध प्रामुख्याने दुसऱ्या गोष्टीशी येतो.

पेशाची जडणघडण

हा पेशा एका दिवसात जन्मला नाही. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर पर्यावरण हा शासनांच्या विचाराचा विषय झाला. १९८७ मध्ये नॉर्वेच्या तत्कालीन पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने शाश्वत विकासाची कल्पना जगापुढे मांडली. भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याची क्षमता न घटवता आजच्या गरजा भागवणे, असा तिचा आशय. १९९४ मध्ये ब्रिटिश सल्लागार जॉन एल्किंग्टन यांनी नफ्याबरोबरच माणसे आणि पृथ्वी यांचाही ताळेबंद मांडावा, ही तिहेरी हिशेबाची कल्पना दिली. १९९७ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे ‘ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह’ ही संस्था स्थापन झाली आणि असे अहवाल कसे लिहावेत याचे नियम घडू लागले. २००१ मध्ये हरितगृह वायूंचा हिशेब मांडण्याची सर्वमान्य पद्धत प्रसिद्ध झाली.

भारतात या वहीचे पहिले पान बरेच आधी उघडले होते. पर्यावरण संरक्षण नियमांत १९९२ मध्ये घातलेल्या चौदाव्या नियमानुसार संमतीपत्र घेणाऱ्या उद्योगांना दरवर्षी पर्यावरण विवरणपत्र देणे बंधनकारक झाले. पाणी किती वापरले, कच्चा माल किती लागला, प्रदूषण किती सोडले, घातक कचरा किती निघाला, हे सारे ‘फॉर्म पाच’ मध्ये भरून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यायचे. त्यासाठी पुढील वर्षी ठरलेली पहिली अंतिम तारीख होती ३० सप्टेंबर १९९३. ही तारीख श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. धाराशिव जिल्ह्याला ती वेगळ्या कारणाने विसरता येत नाही आणि तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

त्यानंतर २०१२ मध्ये ‘सेबी’ने शेअर बाजारातील आघाडीच्या १०० कंपन्यांना व्यवसाय-जबाबदारी अहवाल देण्यास सांगितले. ही संख्या वाढत गेली. मे २०२१ मध्ये अहवालाचे नवे स्वरूप, ज्याला ‘बीआरएसआर’ म्हणतात, जाहीर झाले आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून आघाडीच्या १,००० कंपन्यांना ते सक्तीचे झाले. जुलै २०२३ मध्ये त्यातील निवडक आकड्यांची बाहेरच्या तपासनिसाकडून पडताळणी करून घेण्याचा क्रम ठरवण्यात आला. जे काम पूर्वी एखाद-दुसरा जागरूक मालक स्वखुशीने करीत असे, ते आता कायद्याच्या चौकटीत आले आणि ते जाणणाऱ्या माणसांची गरज निर्माण झाली.

महाराष्ट्रातील ज्या व्यक्तींनी ही वाट आधी चोखाळली, त्यांत डॉ. प्रसाद मोडक यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. आयआयटी मुंबईत पर्यावरण अभियांत्रिकीचे अध्यापन केल्यानंतर नव्वदच्या दशकात त्यांनी मुंबईत पर्यावरण व्यवस्थापनाची सल्लागार संस्था उभारली आणि उद्योग, बँका, शासने व संयुक्त राष्ट्रांच्या संस्था यांच्यासाठी काम केले. दुसरे नाव राजेंद्र शेंडे यांचे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरसारख्या लहान गावातून आलेले हे रसायन अभियंते उद्योगक्षेत्रातील अनुभवानंतर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमात गेले आणि ओझोन थराच्या रक्षणासाठी विकसनशील देशांना साहाय्य करणाऱ्या पॅरिस येथील विभागाचे प्रमुख झाले. शीतकपाटे व फवारे बनवणाऱ्या उद्योगांनी जुनी घातक रसायने सोडून नवी कशी स्वीकारावीत, हे देशोदेशी पटवून देण्याचे ते काम होते. रहिमतपूर ते पॅरिस हे अंतर धाराशिव ते पॅरिस या अंतराहून फारसे वेगळे नाही, एवढे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

एका साखर कारखान्याचे उदाहरण

सल्लागाराचे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे जिल्ह्याच्या परिचयाच्या उद्योगावरून पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषक म्हणून निश्चित केलेल्या सतरा उद्योगप्रकारांत साखर आणि आसवनी हे दोन्ही आहेत. दररोज ५,००० टन ऊस गाळणारा कारखाना डोळ्यांपुढे आणावा. उसाच्या वजनाचा सुमारे सत्तर टक्के भाग पाणीच असतो. म्हणजे गव्हाणीत पडणाऱ्या उसाबरोबर रोज सुमारे ३,५०० टन, अर्थात ३५ लाख लिटर पाणी कारखान्याच्या आवारात येते. त्यातील काही बगॅसबरोबर निघून जाते. उरलेले रस आटवताना वाफ होऊन सुटते. ही वाफ थंड करून पुन्हा वापरली, तर उत्तम चालवलेल्या कारखान्याला बाहेरचे पाणी जवळजवळ लागू नये. तरीही जो कारखाना नदीतून किंवा तलावातून पाणी उपसतो, तो ते कोठे दवडतो, हे शोधणे सल्लागाराचे पहिले काम.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी धावली, तेव्हा ती धाराशिव जिल्ह्यातूनच गेली. तिच्या पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ती गाडी पाहण्यास माणसे स्टेशनांवर जमली होती. त्या गाडीच्या सात फेऱ्यांइतके पाणी एका कारखान्यात उसाच्या पोटातून रोज येत असते. पण ते पाहण्यास कोणी जमत नाही, कारण ते कोणी मोजून दाखवलेले नसते. जे मोजले जात नाही, त्याची उधळपट्टी डोळ्यांवर येत नाही.

परंतु चांगला सल्लागार कारखान्याच्या कुंपणापाशी थांबत नाही. जागतिक सरासरी धरली, तर उसापासून एक किलो साखर तयार होण्यास सुमारे १,७८० लिटर पाणी लागते, असे डच शास्त्रज्ञ आर्येन होक्स्ट्रा यांनी रूढ केलेल्या ‘जल-पदचिन्ह’ पद्धतीचे गणित सांगते. यातील बहुतांश पाणी शेतात लागते, कारखान्यात नव्हे. कापडाचेही तसेच. एक किलो सुती कापडामागे सरासरी सुमारे १०,००० लिटर, म्हणजे पाव किलोच्या सदऱ्यामागे अडीच हजार लिटर पाणी खर्ची पडलेले असते. तेव्हा आवारातील नळांना मीटर लावून समाधान मानणाऱ्या सल्लागाराने हिशेबाचे पहिले पान लिहून वही मिटलेली असते. खरा प्रश्न उसाला पाटाने पाणी जाते की ठिबकने, हा आहे.

हरितगृह वायूंच्या हिशेबातही हीच शिस्त आहे. कापड गिरणीच्या बॉयलरमध्ये जळणारा कोळसा हा पहिला टप्पा, विकत घेतलेल्या विजेमागचा धूर हा दुसरा. आणि कापसाचे शेत, मालाचे ट्रक, ग्राहकाची धुलाई व इस्त्री हा सगळा तिसरा टप्पा. तिसरा टप्पा मोजण्यास सर्वांत कठीण आणि बहुतेक वेळा सर्वांत मोठा. त्यामुळेच मोठ्या कंपन्या आता आपल्या पुरवठादारांकडे प्रश्नावली पाठवतात. आज ना उद्या जिल्ह्यातील डाळ गिरणी, जिनिंग, दूध संघ किंवा भूम तालुक्यातील खव्याची भट्टी यांच्यापुढेही असा कागद येईल : जळण किती, लाकूड कोठले, पाणी किती, मजुराला काय मिळते? त्या वेळी उत्तर देणारा जाणता माणूस जवळ असावा लागेल.

ताणलेला गज

आतापर्यंतच्या वर्णनावरून हा पेशा निर्दोष वाटेल. तसे नाही. ज्याच्याकडून मोबदला घ्यायचा, त्याचेच दोष मोजून दाखवायचे, ही या पेशातील मूळची अडचण आहे. मालकाला हिरवी झाडे आणि हसरी मुले छापलेला गुळगुळीत अहवाल हवा असतो. आणि गज थोडासा ताणला, तर कोणाला कळणार, असा मोह होतो.

असा मोह काय करतो, याची दोन उदाहरणे कापडाच्याच व्यापारातली आहेत. २०२० मध्ये सेंद्रिय वस्त्रांच्या ‘गॉट्स’ या जागतिक मानक संस्थेने भारतातील सुमारे २०,००० टन कापूस खोट्या कागदपत्रांच्या आधारे सेंद्रिय ठरवला गेल्याचे जाहीर केले. कापूस तोच होता, फक्त कागद बदलला होता. यात नुकसान झाले ते खरोखर रासायनिक खत न घालता, कमी उतारा सोसून कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे. कारण त्याच्या खऱ्या मालावरही संशयाची छाया पडली.

दुसरे उदाहरण अधिक दुःखद आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि तीत चालणाऱ्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतील अकराशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरील बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना सुट्टी दिली. शिवणकाम करणाऱ्या मुलींना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की त्या इमारतीतील काही कारखान्यांची सामाजिक तपासणी अपघातापूर्वी झालेली होती. तपासनीस आले होते, हजेरीपट पाहिले गेले होते, अहवाल लिहिले गेले होते. इमारतीची मजबुती हा त्या तपासणीच्या कक्षेतील विषय नव्हता. कागदावर त्रुटी नव्हती असे नव्हे. पण ज्या खांबांवर सारे उभे होते, ते तपासून पाहण्याचे कोणाच्याच यादीत नव्हते.

भिंतीला हात लावणाऱ्या स्त्रिया

आता पुन्हा ३० सप्टेंबर १९९३ या तारखेकडे वळू. देशातील उद्योगांनी पहिले पर्यावरण विवरणपत्र ज्या दिवसापर्यंत द्यावयाचे होते, त्याच दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसरातील जमीन हादरली. लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. जाड दगडी भिंती, त्यांच्या दोन थरांना सांधणारे आरपार दगड नाहीत आणि माथ्यावर मातीचे जड माळवद. घरानेच माणसे घेतली. उन्हाळ्यात गारवा देणारी ती भिंत किती धोक्याची आहे, याचा हिशेब तोवर कोणी केला नव्हता.

पुनर्वसनाच्या काळात शासनाने घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण मालकांनी स्वतः करावे, त्यासाठी अनुदान द्यावे, असा कार्यक्रम आखला. त्यात लोकसहभागाचे सल्लागार म्हणून ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेला काम देण्यात आले. प्रेमा गोपालन या संस्थेच्या संस्थापक. त्यांनी काय केले? शहरातून तज्ज्ञांचा ताफा आणण्याऐवजी गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. ज्या स्त्रियांनी तोवर चारचौघांत तोंड उघडले नव्हते, त्या अनुदानाचे हप्ते समजावून सांगू लागल्या, आरपार दगड बसवला की नाही, सिमेंट-वाळूचे प्रमाण बरोबर आहे की नाही, हे गवंड्याला विचारू लागल्या. शब्दशः त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला.

‘शाश्वत विकासाचा सल्लागार’ हे नाव त्या काळी जिल्ह्यात कोणी ऐकले नसेल. पण त्या स्त्रिया नेमके तेच काम करीत होत्या. राणा प्लाझाच्या तपासनिसांकडे पदवी होती, गणवेश होता, छापील यादी होती. सास्तूर भागातील संवाद सहायकेकडे यांपैकी काही नव्हते. मात्र त्या भिंतीखाली तिची स्वतःची मुले झोपणार होती. जो मोजतो त्याचा जीव मोजलेल्या वस्तूत गुंतलेला असला, की गज ताणला जात नाही.

पुढे त्याच कार्यातून दुष्काळी शेतीचा एक प्रयोग उभा राहिला. घरच्या शेतातील अर्धा ते एक एकर जमीन बाईने मागून घ्यावी. तीत ऊस किंवा एकच नगदी पीक न लावता ज्वारी, डाळी, भाजीपाला अशी घरात खाता येतील आणि उरले तर विकता येतील अशी अनेक पिके, कमी पाण्यावर व कमी रसायनांवर घ्यावीत. जिल्ह्यातील गोदावरी डांगे यांच्यासारख्या कार्यकर्त्या स्त्रियांनी हा विचार गावोगाव नेला. या कार्यासाठी संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर पुरस्कार’ मिळाला. प्रेमा गोपालन २०२२ मध्ये निवर्तल्या. त्यांनी घडवलेल्या स्त्रिया काम करीत आहेत. मोठ्या कंपन्यांचे अहवाल ज्याला ‘हवामान-जोखीम’ म्हणतात, तिचे उत्तर धाराशिवच्या एका एकरात आधीच लिहिले गेले होते.

जिल्ह्यातील तरुणांसाठी वाट

विद्यार्थ्यांना या पेशात यावयाचे असेल, तर दारे एकापेक्षा अधिक आहेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पाणी, ऊर्जा व सांडपाणी यांचे क्षेत्र आहे. ऊर्जा लेखापरीक्षकासाठी केंद्रीय ऊर्जा दक्षता ब्युरोची राष्ट्रीय परीक्षा आहे. कृषी पदवीधराला कापूस, ऊस, दूध यांच्या पुरवठा साखळीचे काम आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही; टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण विकासाचे शिक्षण देणारे संकुल १९८६ पासून तुळजापुरातच आहे. आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने स्वतःला मागे समजू नये. सनदी लेखापालांच्या राष्ट्रीय संस्थेने २०२० मध्ये शाश्वतता अहवालाच्या मानकांसाठी स्वतंत्र मंडळ नेमले, यावरूनच कळावे की नोंद, पुरावा, ताळमेळ आणि पडताळणी या जुन्या विद्यांना नवे क्षेत्र मिळाले आहे. रोजमेळ आणि खतावणी यांचा मेळ घालणाऱ्यास वीजबिल आणि उत्पादन यांचा मेळ घालणे अवघड नाही.

सुरुवातीची वर्षे कष्टाची असतात, हे सांगितले पाहिजे. आर्थिक वर्ष संपले, की अहवालांचा मोसम सुरू होतो. कारखान्याकडून अर्धवट आकडे येतात, एकाच पाण्याची तीन मापे मिळतात आणि रात्री जागून त्यांचा मेळ घालावा लागतो. इंग्रजी अहवाल लिहिता आला पाहिजे. पण शेतकऱ्याशी आणि फिटरशी मराठीत बोलताही आले पाहिजे. या दुसऱ्या गुणात जिल्ह्यातील मुलगा किंवा मुलगी महानगरातील मुलांच्या पुढे राहील. बोअरला पाणी किती फुटांवर लागले हे ज्याने घरात ऐकले आहे, टँकरच्या रांगेत ज्याने घागर धरली आहे, त्याला आकड्यामागचे पाणी दिसते. ज्याने २०१६ चा दुष्काळ पाहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंडा भागात पुराने शेते खरडून नेलेलीही पाहिली, त्याला हवामानबदल पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

आणखी एक सावधगिरी. ‘हिरवा’ म्हणून आलेली प्रत्येक गोष्ट आपोआप न्याय्य होत नाही. जिल्ह्याच्या माळरानांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. कोळशाऐवजी वाऱ्यावर वीज होते, हे चांगलेच आहे. परंतु जमिनीचा मोबदला आणि बांधावरचे रस्ते यांबाबत शेतकऱ्यांच्या तक्रारीही झाल्या. चांगला सल्लागार विजेचे युनिट मोजतो आणि ज्याच्या शेतात खांब रोवला त्याचा करारनामाही वाचतो.

पेशाची शुद्धता राखण्यासाठी नियमही होत आहेत. आकड्यांची पडताळणी करणाऱ्याने त्याच कंपनीला सल्ला विकू नये, अशी हितसंबंधांची मर्यादा ‘सेबी’ने घातली आहे. ज्याने माप घेतले त्यानेच मापाला साक्ष राहू नये, हा बाजाराचा जुनाच संकेत आहे. पण नियम कितीही झाले, तरी सही करणारा हात एकाच माणसाचा असतो. सही करण्यापूर्वी त्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : ज्या विहिरीचा आकडा लिहिला, ती विहीर पाहिली का? ज्या कामगाराच्या सुरक्षेची ग्वाही दिली, त्याच्याशी मालक समोर नसताना बोललो का? आणि ज्या भिंतीला मजबूत म्हटले, त्या भिंतीखाली स्वतःच्या मुलाला झोपवीन का? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तरच सही करावी. नसेल, तर मोबदला सोडावा लागला तरी चालेल.

विद्यार्थी मित्रहो, तगरचे कापड भडोचला पोहोचत होते, तेव्हा ते घेणाऱ्याला विणकराचे नाव ठाऊक नव्हते. फक्त माल खरा आहे एवढा विश्वास होता. आजचा ग्राहक अधिक विचारतो आणि ते योग्यच आहे. त्याला खरे उत्तर देणारी माणसे या जिल्ह्यातून निघावीत. त्यांनी मुंबई-पुण्यात, परदेशात जरूर जावे, नाव कमवावे; पण वर्षातून एकदा तरी गावाकडे येऊन आपल्या तालुक्यातील एखाद्या कारखान्याची, एखाद्या ओढ्याची वही विनामूल्य तपासून द्यावी. गावाच्या पाण्यावर वाढलेल्या मुलाच्या नावे तेवढे देणे निघतेच.

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात शिष्यवृत्ती घेणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांना हार्दिक शुभेच्छा. त्यांच्या हातातील गज कधी ताणला जाऊ नये, हीच सदिच्छा.